पंचेचाळीस की बत्तीस

भाजलेल्या मटणाचं ताट आणि पुदिन्याच्या सॉसचं भांडं यांच्या मधल्या जागेत लेनर्ड थ्रोसेल यांनी रुळांचे दोन तुकडे शेजारीशेजारी मांडले, नाकावरचा चष्मा सारखा केला आणि मुलीला विचारलं,

“पहिला बरा, की दुसरा?”

हा प्रश्न त्यांच्या तोंडात बसलेला होता. नेदर ऑल्टनच्या पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत, अशाच मऊ आवाजात, ते जन्मभर हेच विचारत आले होते. पुष्कळांना दोन्ही काचांतून सारखंच दिसे. पण इतका भला माणूस इतक्या अगत्यानं विचारतोय, तर ‘काही फरक नाही’ म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून लोक काहीतरी एक सांगून मोकळे होत. परिणामी निम्मं गाव चुकीच्या नंबरचे चष्मे लावून फिरत होतं, आणि तक्रार करणं त्याहूनही बरं दिसत नाही म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं.

“दोन्ही छान आहेत, बाबा,” इमोजेन म्हणाली.

“छान आहेतच. पण तुला कुठला बरा वाटतो?”

“पहिला कसा भरभक्कम आहे. दुसरा नाजूक आहे. दोन्हीत वेगळी मजा आहे.”

“हो ना,” लेनर्ड म्हणाले आणि त्यांनी बटाटा घेतला. “तीच तर पंचाईत आहे.”

ही पंचाईत नाताळपासून चालू होती. घरामागच्या बागेत खरीखुरी, वाफेवर चालणारी छोटी आगगाडी घालायची असं लेनर्डनी तेव्हा जाहीर केलं होतं. गाडी घालायची तर आधी रूळ हवेत, आणि रुळांत दोन पंथ आहेत. एका पंथाच्या दोन रुळांमध्ये पंचेचाळीस मिलिमीटरचं अंतर, दुसऱ्याच्या बत्तीस. ब्रॉडगेज आणि नॅरोगेज यांची ही बाळं म्हणा. इथवर कुणालाही समजेल. खरी मेख पुढे आहे. रुळांमधलं अंतर ठरलं म्हणजे गाडीचं प्रमाण ठरलं असं मुळीच नाही. त्याच पंचेचाळीसच्या रुळांवर कुणी खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाची गाडी चालवतं, कुणी चोविसाव्या, कुणी विसाव्या; आणि प्रत्येकाला बाकीचे सगळे बिघडलेले वाटतात. धर्मपंथांबद्दल इमोजेननं बरंच वाचलं होतं. जिल्ह्याच्या ग्रंथालयात ती त्याच विभागाची प्रमुख होती. पण इतक्या कमी मिलिमीटरांवरून इतकी फाटाफूट तिच्याही वाचनात नव्हती.

आणि तिला आगगाड्या आवडत नव्हत्या.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चारेक वर्षांची असताना एका स्टेशनात तिनं हात हलवला, समोरून इंजिन जात होतं, आणि त्या दिवसापासून ‘आमच्या इमीला गाड्यांचं वेड’ हे घरात कायम झालं. वाढदिवसाला गाडीचं पुस्तक. नाताळला गाडीचं चित्र असलेला कप. दर उन्हाळ्यात वेल्सच्या डोंगरांतल्या वाफेच्या गाड्या, भुरभुर पाऊस, अंड्याचं सँडविच आणि डोळ्यांत कोळशाचे कण. आई गेल्यावर तर या सफरी वाढल्याच. बापलेक दोघंच, लाकडी बाकावर खांद्याला खांदा लावून. सभ्य घरातली सभ्य मुलगी. सुरुवातीला ‘छान’ म्हणाली, आणि एकदा ‘छान’ म्हटल्यावर मागे फिरण्याची योग्य वेळ पुढल्या चाळीस वर्षांत काही सापडली नाही.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा लेनर्डनी उरलेलं मटण चांदीच्या कागदात बांधून दिलं आणि फाटकाशी म्हणाले, “घाई नाही. सवडीनं सांग. पण तू सांगितल्याशिवाय मी एकही रूळ टाकणार नाही.”

“सांगते,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी शेजारच्या डेन्झिल प्राउसना कुंपणावरून दिसलं, की लेनर्ड काचघरात उलट्या बादलीवर बसून आहेत आणि हाक मारली तरी वळून बघत नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. पुढच्या आठवड्यात हे वाक्य इमोजेनला गावातल्या बहुतेक सगळ्यांनी ऐकवलं, आणि तिनं प्रत्येकाचे आभार मानले.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. काकडीची सँडविचं होती. इमोजेन हातात बशी धरून उभी होती, तेवढ्यात डेन्झिल प्राउस जवळ आले. बुटके, लालबुंद, निवृत्त भूमापक. कुठल्याही गोष्टीकडे पाहिलं की यांना आधी तिचा उतार दिसतो.

“ही वेळ नव्हे बोलायची, पोरी,” ते हळूच म्हणाले, “पण तुझ्या मनात शंका राहायला नको. तुझ्या बाबांचं ठरलं होतं. बत्तीस.”

ते बाजूला होतात न होतात तोच नॉर्मन अटरिज आले. उंच, खांद्यात वाकलेले, जिल्ह्याच्या बागरेल्वे मंडळाचे सचिव.

“अशा प्रसंगी काढू नये विषय,” त्यांनी सुरुवात केली, “पण लेनर्डनं मला शब्द दिला होता, इमोजेन. पंचेचाळीस. ‘अगदी बरोबर, नॉर्मन,’ असे त्याचे शब्द होते.”

‘अगदी बरोबर’ हे बाबांचेच शब्द असणार याबद्दल इमोजेनला तिळमात्र शंका नव्हती. ते शब्द ते रेडिओवरच्या हवामानाच्या अंदाजालासुद्धा म्हणत.

मग डफ्नी कोल आल्या. मिसेस कोल समोरच्या घरात राहत आणि दर जूनमधला खुल्या बागांचा रविवार त्या भरवत. त्या दिवशी गावातले लोक आपापली फाटकं उघडी टाकतात, परके लोक तिकीट काढून त्यांच्या बागांतून फिरतात, केक खातात, आणि चर्चच्या गळक्या छपराला हातभार लागतो.

“तू मुळीच मनाला लावून घेऊ नकोस हं, बाळ,” मिसेस कोल तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या. “पत्रक छापून आलंय, एवढंच.”

नेदर ऑल्टनमध्ये ‘मुळीच मनाला लावून घेऊ नकोस’ याचा अर्थ ‘मग कधी करतेस?’ असा होतो. इमोजेननं पत्रक पाहिलं. ‘बाग नववी. लेनर्ड थ्रोसेल. येथे वाफेवरची आगगाडी धावते.’

बँकेनं, पेन्शनवाल्यांनी, दूधवाल्यानंसुद्धा एव्हाना बाबांना भूतकाळात जमा करून टाकलं होतं. एकट्या त्या पत्रकात ते वर्तमानकाळात होते, आणि त्यांच्याकडे गाडी धावत होती. तिनं ती ओळ दोनदा वाचली. घर शरदात विकायचंच होतं. त्याआधी एक दिवस, फक्त एक दिवस, ती ओळ खरी व्हायला हवी होती.

“धावेल,” ती म्हणाली. आणि इथून पुढच्या सगळ्या हालअपेष्टांना या एका शब्दानं सुरुवात झाली.

शनिवारी तिनं गॅरेज उघडलं, तेव्हा खरी गोम उमगली. लेनर्डनी सल्ला सगळ्यांना विचारला होता, आणि कुणाचंच मन मोडायला नको म्हणून सगळ्यांचा थोडाथोडा ऐकला होता. रूळ अटरिजांच्या मताप्रमाणे पंचेचाळीसचे. इंजिन प्राउसांच्या मताप्रमाणे बत्तीसचं. डबे तिसऱ्याच कुणाच्या मताचे. स्टेशन चर्चच्या बाजारात मिसेस कोलकडून घेतलेलं. त्यांच्या मते छोटं घर म्हणजे छोटं घर, त्यात प्रमाण कसलं. त्या स्टेशनाच्या दाराची कडी काढायला उतारूंना शिडी लागली असती. उलट स्टेशनमास्तर इतका दांडगा, की तो इंजिनात चढायला गेला असता तर त्याला ते इंजिन विजारीसारखं घालावं लागलं असतं.

तिनं इंजिन उचलून रुळांवर ठेवलं. ते दोन रुळांच्या मधोमध अलगद खाली उतरलं आणि पोट टेकून बसलं.

“बघ,” कुंपणावरून प्राउसांचा आवाज आला. “मी म्हणत होतो. रूळ चुकलेत.”

“इंजिन चुकलंय,” फाटकातून अटरिज म्हणाले. ते सहज या बाजूला आले होते; पुढचा सगळा वसंत ते सहजच या बाजूला येत राहिले.

आता इथे सांगायला हवं, की प्राउस आणि अटरिज एकमेकांशी बोलत नसत. कारण फार जुनं होतं आणि त्यात एक बक्षीसपात्र भोपळा होता, एवढंच गावाला आठवत होतं. दोघंही सुसंस्कृत असल्यामुळे त्यांनी भांडण असं कधी केलं नाही. ते फक्त मधल्या माणसामार्फत बोलत. आता मधला माणूस इमोजेन होती.

“मिस्टर अटरिजना म्हणावं,” तीन फुटांवर उभ्या असलेल्या अटरिजांकडे पाठ करून प्राउस म्हणत, “पंचेचाळीसला वळायला अख्खा तालुका लागतो. ही बाग आहे की विमानतळ?”

“मिस्टर प्राउसना सांग, इमोजेन, की बत्तीस म्हणजे खेळणं. गोगलगाय आडवी आली की गाडी आडवी.”

“त्यांना विचार, लेनर्डच्या बागेत गोगलगायी त्यांनी पाहिल्या कधी?”

“त्यांना सांग, आत्ता त्यांच्या टोपीवर आहे.”

इमोजेन दोघांचेही निरोप, त्यातली विषारी विशेषणं गाळून, इकडून तिकडे पोचवत होती आणि मधूनमधून “अगदी बरोबर” म्हणत होती. हा शब्द आपल्या तोंडात कुठून आला हे तिच्या चौथ्या-पाचव्या वेळेला लक्षात आलं, आणि ती फावडं घेऊन काही वेळ बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खणत राहिली.

कामाला लागल्यावर एका बाबतीत मात्र दोन्ही पंथांचं एकमत झालं. गाडी जमिनीवर नको. “आमच्या वयाला,” प्राउस म्हणाले, “जमिनीवरची गाडी वाकून बघता येते. उठता येत नाही.” तेव्हा लाकडी खांबांवर फळ्या ठोकून बागेला वळसा घालणारा पूल उभारला. इमोजेनचा अंगठा ठेचला, ग्रंथालयात जायचे एकमेव बरे बूट चिखलात गेले, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून म्हणाला, “तुला काय सांगायचं म्हणा, तुझ्या तर रक्तातच आहे.” ती म्हणायची, “हो ना.”

पूल झाला आणि कौन्सिलची बाई आली. एका हितचिंतकानं, नाव न सांगता, फोन केला होता. हा हितचिंतक कोण हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. खुल्या बागांच्या रविवारी केक कापायचा मान दरवर्षी त्यालाच देतात.

बाई तरुण होती, नम्र होती आणि तिच्याकडे मोजपट्टी होती.

“तीस सेंटिमीटरच्या वर गेलं, की तो उंचावलेला चौथरा ठरतो,” ती खेदानं म्हणाली. “त्याला परवानगी लागते.”

“पण ही आगगाडी आहे,” इमोजेन म्हणाली.

“यावर माणसं उभी राहू शकतात का?”

“एवढी असली तर.” तिनं स्टेशनमास्तर पुढे केला.

बाईनं त्याला उलटसुलट करून पाहिलं. “हे गृहस्थ गाडीच्या मानानं थोराड वाटतात.”

“ते वेगळ्या प्रमाणातले आहेत.”

“म्हणजे तुमचं प्रमाण अजून ठरलेलं नाही?”

“नाही.”

“त्याची काळजी नको. आमचा नियम प्रमाणाबद्दल नाही, उंचीबद्दल आहे. परवानगीला अर्ज करा, शरदापर्यंत उत्तर येईल.”

“रविवार जूनमध्ये आहे,” इमोजेन म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला असावा, कारण बाईनं मोजपट्टी गुंडाळणं थांबवलं.

“नियमात जमिनीपासूनची उंची म्हटलंय,” ती हळूच, दुसरीकडे बघत म्हणाली. “पूल खाली आणायचाच असं काही म्हटलेलं नाही.”

कुंपणापलीकडून प्राउस म्हणाले, “म्हणजे जमीन वर घ्यायची.”

जमीन वर घेण्यासाठी एक लॉरीभर माती मागवली. लॉरीवाल्यानं ती सगळी प्राउसांच्या दारात ओतली आणि तो निघून गेला. आत प्राउसांची मोटार अडकली. “छे छे, मला कुठे जायचंय,” ते म्हणाले, आणि माती हलेपर्यंत रोज पावसातून चालत बाजारात जात राहिले. जाताना दर खेपेला टोपी उचलून “छान हवा आहे” म्हणत. इमोजेन जास्तच जोरात खणू लागली. ढकलगाडी भरून भरून ती माती बागेत पसरली. गुलाबांची झाडं गळ्यापर्यंत गाडली गेली आणि समुद्रात उतरलेल्या पण पोहता न येणाऱ्या बायकांसारखी नुसती डोकी वर काढून उभी राहिली. कौन्सिलची बाई पुन्हा आली, मोजलं, आणि खूश होऊन गेली.

पण मुख्य प्रश्न होता तिथेच होता. रूळ कुठले टाकायचे? इमोजेननं आपल्या स्वभावाप्रमाणे पुस्तकं आणून वाचली आणि तोडगा काढला. तिसरा रूळ. एक रूळ दोघांना सामाईक, त्याच्यापासून बत्तीसवर एक आणि पंचेचाळीसवर आणखी एक. दोन्ही पंथांच्या गाड्या एकाच वाटेनं जातील आणि कुणाचंच मन मोडणार नाही.

“कल्पक आहे,” प्राउस म्हणाले.

“फारच कल्पक,” अटरिज म्हणाले.

एखादी गोष्ट अजिबात मान्य नसली, की आमच्याकडे ती कल्पक असते. पण दोघांनाही तोडगा सारखाच नावडला, त्यामुळे न्याय झाला असं समजून तिनं रूळ टाकले. तिला झोप येत नव्हतीच. बाबांच्या घरात बाबांच्या खुर्चीवर बसून तिनं इतके खिळे ठोकले, की शेवटी शेवटी ती इंजिनाला “असं काय करतोस” म्हणू लागली.

रविवारी आभाळ होतं, पण पडलं नाही. मिसेस कोलनी चहाचं टेबल पेअरच्या झाडाखाली मांडलं. लोक आले. गळ्यापर्यंत गाडलेले गुलाब पाहून ते म्हणाले, “वेगळी पद्धत दिसतेय.” पाद्री आले, कप घेऊन स्टेशनाशेजारच्या खुर्चीत बसले. प्राउसांनी लेनर्डचं बत्तीसचं इंजिन पेटवलं. अटरिजांनी स्वतःचं पंचेचाळीसचं आणलं होतं, हिरवं, धिप्पाड, पितळेनं मढवलेलं, स्मृतिप्रीत्यर्थ म्हणाले. या इंजिनांचं असं आहे, की एकदा वाफ सोडली की ती आपली आपण जातात. थांबवायची तर हातमोजे घालून धरायची. अटरिजांचे हातमोजे मोटारीत राहिले होते. प्राउसांनी आपले शिष्टाचार म्हणून त्यांना देऊ केले, अटरिजांनी शिष्टाचार म्हणून नाकारले, आणि हातमोजे कुंपणावरच राहिले.

आता प्रश्न आला, आधी कुणाची गाडी? वाट एकच होती.

प्राउसांनी खाकरून घसा साफ केला. मग सगळ्या गावाच्या देखत, मध्ये कुणीही नसताना, थेट म्हणाले, “आधी तुम्ही, मिस्टर अटरिज.”

मिसेस कोलच्या हातातली किटली हवेत थांबली.

“असं कसं,” अटरिज कापऱ्या आवाजात म्हणाले. “आधी शेजाऱ्याचा मान. तुम्ही, मिस्टर प्राउस.”

“छे छे. तुम्ही सचिव.”

“मुळीच नाही. इंजिन लेनर्डचं.”

मग दोघंही गप्प झाले. दारात एकदमच पोचलेल्या दोन सभ्य माणसांचं जे होतं तेच झालं. प्रत्येकानं दुसऱ्याचं गप्प बसणं म्हणजे मान्यता धरली, पुढे वाकला, आणि वाफ सोडली. प्राउसांच्या मते गाडीनं झाडाकडून जायला हवं होतं. अटरिजांच्या मते काचघराकडून, म्हणजे बरोबर उलट दिशेनं.

पहिला अर्धा फेरा सुरेख झाला. बाबांचं छोटं इंजिन तीन विसंगत डबे ओढत गुलाबांच्या डोक्यांवरून गेलं, वळणावर किंचित कललं, सावरलं, आणि धुराची एक पांढरी पट्टी मागे सोडत काचघराच्या काचेत दिसू लागलं. इमोजेन पाहत होती. येथे वाफेवरची आगगाडी धावते. धावत होती. पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता.

मग समोरून हिरवं इंजिन आलं.

टक्कर होणार हे बागेतल्या प्रत्येकाला स्वच्छ दिसत होतं. दोन्ही गाड्या चालत्या माणसाच्या वेगानं येत होत्या. कुणीही पुढे होऊन एखादा डबा उचलू शकला असता. पण दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावणं बरं नव्हे, म्हणून सगळे कप धरून उभे राहिले. प्राउस आपल्या इंजिनाबरोबर चालत होते, अटरिज आपल्या, आणि दोघंही एकमेकांना म्हणत होते, “माफ करा. माफ करा.”

स्टेशनातच गाठ पडली. छोटं इंजिन आडवं झालं. मोठ्या इंजिनानं स्टेशन उचललं, डोक्यावर घेतलं आणि पूल सोडून ते रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात शिरलं, तरी चाकं फिरतच होती. थोराड स्टेशनमास्तर हवेत उडाला आणि पाद्र्यांच्या चहात जाऊन पडला.

पाद्र्यांनी कपात पाहिलं. “मी साखर नको म्हणालो होतो,” ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार नाहीत, पण मनापासून. एक बाई नवऱ्याला म्हणाली, “गेल्या वर्षी इथे नुसतंच गवत होतं.”

प्राउस आणि अटरिज रुबार्बमध्ये गुडघे टेकून बसले होते आणि बोलत होते. एकमेकांशी. तुमचा दट्ट्या वाकलाय, नाही हो, तुमचाच, थांबा, धरतो मी. बरंच साठलेलं असावं. मिसेस कोल इमोजेनजवळ चहा घेऊन आल्या.

“बस जरा, बाळ. बरं झालं, लेनर्ड नव्हता. या धुरानं त्याला मळमळायला लागलं असतं.”

“कुणाला?”

“तुझ्या बाबाला. तुला ठाऊक नाही? दरवेळी वेल्सहून आला, की बॅग दारात टाकून आधी माझ्याकडे यायचा, आल्याची बिस्किटं मागायला. पोटात ढवळायचं त्याच्या. ‘डफ्नी, आणखी एक डोंगर चढलो त्या कोळशात. पण करतो काय, पोरीचं वेड आहे.’ त्याला स्वतःला इंजिनाचं पुढचं टोक कुठलं न् मागचं कुठलं, एवढंही कळत नव्हतं.”

“मग ही गाडी?” इमोजेननं विचारलं. “इथली?”

“ती तुझ्यासाठी ना. म्हणायचा, रविवारआड येते बिचारी, गाडी असली की दर रविवारी येईल. केवढी घालायची ते तूच सांगायला हवं होतंस म्हणे. मी म्हटलं, लेनर्ड, घाल कुठलीही. तर म्हणे, नाही, तिला आवडेल तीच.” मिसेस कोलनी तिच्याकडे पाहिलं. “केक देऊ का तुला? लिंबाचा आहे.”

इमोजेननं कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही, म्हणून उचलून पुन्हा ठेवला.

तेवढ्यात प्राउस आणि अटरिज आले, जोडीनं, दोघांच्याही गुडघ्यांना चिखल.

“आमचं ठरलंय, पोरी,” प्राउस म्हणाले. “तीन रूळ काही खरे नाहीत. एक काढायला हवा. बत्तीस ठेवायचे की पंचेचाळीस, ते तू सांगशील तसं.”

“तुझा शब्द शेवटचा,” अटरिज म्हणाले. “लेनर्डची मुलगी तू. रक्तातच आहे तुझ्या.”

पाद्र्यांनी चमच्यानं स्टेशनमास्तर बाहेर काढता काढता मान वर केली. सगळे तिच्याकडे बघत होते, अगत्यानं, आणि तिला वेळ देत. ‘दोन्ही छान आहेत’ हे शब्द सवयीनं तिच्या ओठांवर आले होते.

“मला आगगाड्या आवडत नाहीत,” इमोजेन म्हणाली.

“आजचं बघून कुणालाही असंच वाटेल,” प्राउस समजुतीनं म्हणाले.

“आजचं नाही. कधीच नाही आवडल्या. लहानपणी त्या स्टेशनात मी पलीकडच्या कुत्र्याला हात केला होता. इंजिन मध्ये आलं.”

अशा वेळी काय म्हणतात हे नेदर ऑल्टनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मिसेस कोलनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि, गावाच्या रीतीविरुद्ध, तो तिथेच राहू दिला. इमोजेन मात्र आता कुणाकडेच बघत नव्हती. भर बागेत, चारचौघांत, कपबशा हातात धरून उभ्या असलेल्या लोकांसमोर ती मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, मला गाड्या नव्हत्या आवडत. तुम्ही शेजारी बसायचात ना, ते आवडायचं.”